सुई नको म्हणणारे गुळवे: एका तोंडात खोल सफाईच्या वेगवेगळ्या पद्धती आणि दुखण्याचा हिशेब

रुग्ण कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका गावचे गुळवे, म्हणजे गूळ करणारे, वय ५४. गुऱ्हाळाचा हंगाम उरकत आला तेव्हा थोरल्या मुलाबरोबर दवाखान्यात आले. ब्रश करताना रक्त, खालचे पुढचे दात हलणं, तोंडाला वास आणि उजव्या बाजूने भाकरी चावता न येणं, अशा तक्रारी. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी अट घातली, "सुई न्हाई. बाकी काय बी करा." मुलाची अट वेगळीच होती. पुण्याच्या चुलतभावाने त्याला सांगितलं होतं की आता लेसरने दात साफ करतात, काही कळतसुद्धा नाही. "आमच्या अण्णांना तेच करा की, मॅडम."

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते या दोन अटींमुळे. हिरडीखालची, मुळावरची सफाई हाताच्या क्युरेटने (खरवडायच्या धारदार हत्याराने) करतात, अल्ट्रासोनिक यंत्राने करतात. पावडरच्या फवाऱ्याने आणि लेसरने करतात असंही सांगितलं जातं. कमी दुखतं ते कशाने, हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतोच. अण्णांच्या बाबतीत परिस्थितीच अशी आली की एकाच माणसाच्या तोंडात निरनिराळी हत्यारं आणि बधिरीकरणाच्या निरनिराळ्या तऱ्हा वापराव्या लागल्या. माणूस तोच असल्यामुळे सोशिक आणि हळवा असा भेद मध्ये येत नाही. बाकी बरंच काही मध्ये येतं, ते पुढे दिसेल.

तपासणी

मधुमेह सहा वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ८.२ टक्के. रक्तदाब ठीक. तंबाखू-चुना तीस वर्षं, गोळी ठेवायची जागा ठरलेली: डावीकडे खाली, ओठ आणि हिरडी यांच्यामधली खाच.

निरोगी तोंडात दात आणि हिरडी यांच्यामधली फट १ ते ३ मिमी असते. अण्णांच्या वरच्या दाढांना दोन्ही बाजूंनी ५ ते ७ मिमी पॉकेट (खोल गेलेली फट) होते. त्यातही उजवीकडच्या शेवटच्या दाढेची मागची बाजू पूर्ण ७. खाली उजवीकडे पहिल्या दाढेला ७ मिमी, आणि मुळांच्या फाट्यात प्रोब (फटीची खोली मोजायची सळई) आडवा शिरत होता. एक्स-रेमध्ये हाड जागोजागी मुळाच्या निम्म्यापर्यंत खाली गेलेलं. प्रोब फिरवला तिथे तिथे रक्त.

डाव्या खालच्या बाजूचं चित्र मात्र निराळं. तिथे पॉकेट जेमतेम ४-५ मिमी, पण हिरडी सरकून मुळं उघडी पडलेली. ओठाच्या आत पांढरट, सुरकुतलेला चट्टा. त्याचा फोटो काढून ठेवला आणि मुलाच्या देखत सांगितलं की तंबाखू थांबवल्यावर दोन-तीन आठवड्यांत हा विरळ झाला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक मुलाच्या फोनमध्ये तिथेच घालून दिला.

हिरड्यांच्या रोगांच्या २०१८ च्या वर्गीकरणानुसार हा तिसऱ्या टप्प्याचा, 'सी' श्रेणीचा पेरिओडॉन्टायटिस. एचबीए१सी ७ किंवा त्याहून जास्त असलेला रुग्ण थेट 'सी' मध्ये जातो, कारण साखर चढलेली असली की हाड झपाट्याने झिजतं. बोलीत याला सगळे पायरियाच म्हणतात, आणि तसं म्हणायला माझी हरकत नाही.

सुईचं कारण विचारलं तर काही वर्षांपूर्वीची गोष्ट निघाली. दाढ सुजून गाल वर आला असताना कुठेतरी ती उपटली होती. भूल दिली, ती लागलीच नाही, पुन्हा दिली, तरी लागली नाही, आणि दाढ तशीच निघाली. "चौघांनी धरलं होतं मला," असं अण्णा म्हणाले. मुलगा म्हणाला, दोघांनी.

आधी वरवरची सफाई, खोल काम नंतर

युरोपीय पेरिओडॉन्टॉलॉजी महासंघाची २०२० ची मार्गदर्शक सूत्रं टप्प्याटप्प्याने जायला सांगतात. आधी हिरडीच्या वरचं कीटण (दातावर साचून कडक झालेला थर), घासण्याची पद्धत, साखर, तंबाखू, आणि मग हिरडीखालचं काम. क्रम असा लावण्यामागचा मुख्य हेतू दुखणं कमी करण्याचा नाही, पण फायदा तोही होतो. सुजलेल्या हिरडीत प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिनसारखी द्रव्यं साचलेली असतात आणि ती मज्जातंतूंच्या टोकांना हळवं करून ठेवतात. मग नुसता प्रोब लागला तरी कळ येते. सूज उतरली की तोच प्रोब, तेवढाच दाब, आणि माणूस हूं का चूं करत नाही.

इथे अण्णांच्या पत्नीचा फोन आला. गावात कुणाचे तरी दात साफ केल्यावर हलायला लागले होते. ही भीती कोल्हापुरात घरोघरी आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही, कारण लोकांनी जे पाहिलंय ते खरंच असतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटणाचा अखंड थर असला तर तो हलणाऱ्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. थर निघाला की आधीपासून असलेला ढिलेपणा उघडा पडतो, सूज उतरून फटीही दिसायला लागतात. हाड गेलेलं असतं ते कीटणामुळे. हे त्यांना फोनवर सांगितलं, आणि साफ केल्यावर थोडे दिवस दात जास्त हलल्यासारखे वाटतील हेही सांगितलं. सांगून ठेवलेलं दुखणं आणि न सांगता आलेलं दुखणं यांत फरक पडतो.

दोन-तीन आठवड्यांत रक्त बरंच कमी झालं. तंबाखू सुटली नव्हती, पण दिवसाच्या आठ-दहा गोळ्यांवरून दोन-तीनवर आली होती आणि जागा बदलली होती. जागा बदलणं हा काही उपचार नव्हे, ते मी स्पष्ट सांगितलं.

दुखणं मोजायचं कसं

संशोधनात बहुतेक वेळा १०० मिमीची आडवी रेघ देतात. डाव्या टोकाला 'अजिबात नाही', उजव्या टोकाला 'याहून जास्त दुखूच शकत नाही', आणि रुग्णाने मध्ये खूण करायची. अण्णांना तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा बरोबर मधोमध खूण केली. मधलं धरलेलं बरं, कुणाला वाईट वाटायला नको, असा त्यांचा हिशेब असावा.

मग रेघ बाजूला ठेवली आणि ० ते १० त्यांच्याच अनुभवांवर बसवले. १० म्हणजे ती उपटलेली दाढ. ० म्हणजे काही नाही. मधलं काय? गुळव्याला पाकाचा अंदाज रोज हाताने घ्यावा लागतो. उकळत्या काईलीतला (गुऱ्हाळाच्या मोठ्या कढईतला) पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते बघायचं असतं. तेव्हा मी विचारलं, पाकाचा शिंतोडा मनगटावर उडाला तर किती? त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "चार." माझ्या हातावर उडाला असता तर मी आठ सांगितलं असतं. पण मोजपट्टी त्यांची होती, आणि ती शेवटपर्यंत बदलली नाही, एवढं पुरेसं होतं.

आकडा तीनदा घ्यायचा ठरला: काम संपल्यावर लगेच सरासरी किती, सगळ्यात वाईट क्षणाला किती, आणि रात्री जेवणाच्या वेळी किती. शेवटचा मुलगा फोनवर कळवायचा. डावा हात वर केला की मी थांबायचं, हा करारही झाला. दर वेळी सकाळी, नाश्ता आणि गोळी घेऊन या, असं बजावलं.

वर डावीकडे: हाताचे क्युरेट आणि जेल

सुई नको म्हटल्यावर पॉकेटमध्ये भरायचं जेल वापरलं. त्यात २.५ टक्के लिग्नोकेन आणि २.५ टक्के प्रिलोकेन असतं. आत सोडताना ते पातळ असतं, अंगाच्या उष्णतेने घट्ट होतं, अर्ध्या मिनिटात काम सुरू करतं आणि साधारण वीस मिनिटं टिकतं. बधिर होते ती मुख्यतः पॉकेटची मऊ भिंत. दाताच्या आतल्या मज्जातंतूवर त्याचा फारसा जोर चालत नाही.

दाढांच्या पुढच्या बाजूला ग्रेसी ११/१२ नंबरचा क्युरेट, मागच्या बाजूला १३/१४. पातं मुळाशी ४५ ते ९० अंशांमधल्या कोनात लागलं पाहिजे, आणि धार हवी. बोथट क्युरेट कीटण काढत नाही, त्याला चोपून गुळगुळीत करतो. शिवाय दाब वाढवावा लागतो, आणि रुग्णाला जाणवतो तो दाबच. काम चालू असताना धार लावायला दोनदा थांबावं लागलं.

"काईल खरवडल्यागत वाटालंय," हे अण्णांचं वर्णन. दुखण्यापेक्षा तो कराकरा आवाज हाडातनं डोक्यात जातो, हे त्यांनी कपाळावर बोट ठेवून दाखवलं. लगेचचा आकडा ४, वाईटात वाईट क्षण ५, रात्री ३. दुसऱ्या दिवशीही हिरडी हुळहुळत होती. वेळ सगळ्यात जास्त इथेच गेला, आणि जबडा उघडा ठेवून ठेवून दुखला त्याचाही थोडा वाटा त्या ३ मध्ये असणार.

वर उजवीकडे: अल्ट्रासोनिक आणि तेच जेल

हे पिझो यंत्र. अशा यंत्रांची टिप सेकंदाला साधारण २५ ते ५० हजार वेळा पुढेमागे हलते, एका रेषेत. म्हणून तिची बाजू मुळाला समांतर टेकवावी लागते. टोक टेकवलं की हातोडी मारल्यासारखा झटका बसतो. दुसरा प्रकार मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह, त्याची टिप लंबवर्तुळात फिरते. रुग्णाला यातलं कोणतं कमी दुखतं यावर मते आहेत, पण माझ्या दृष्टीने टिप झिजलेली आहे की नाही हा प्रश्न त्याहून मोठा. टिप १ मिमी झिजली की तिची कार्यक्षमता सुमारे पावपट घटते, २ मिमी झिजली की निम्मी. मग डॉक्टर नकळत पॉवर वाढवतो, हात दाबतो, आणि रुग्ण म्हणतो मशीन लागतं. नवी बारीक टिप लावली, पॉवर मध्यमच्याही खाली ठेवली.

अण्णांचा आकडा ३. रात्री १. मुलाला वाटलं प्रश्न सुटला. पण वाईटात वाईट क्षण होता ६, शेवटच्या दाढेच्या मागे, जिथे पॉकेट ७ मिमी होतं. कारण सरळ आहे: यंत्राबरोबर पाण्याचा फवारा चालू असतो आणि तो जेल धुऊन नेतो. हाताच्या क्युरेटला हा त्रास नाही. त्या जागी पुन्हा जेल भरलं, पुन्हा धुतलं गेलं, पुन्हा हात वर. रुग्ण कळवळला की समोरच्याचा हात आखडतो, हे कुठल्याही दवाखान्यात बघायला मिळेल. हात आखडला की तिथे कीटण उरतं.

अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की पॉकेट भरून येण्याच्या बाबतीत हात आणि यंत्र बरोबरीचे, पण यंत्राला वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी लागतो. अण्णांच्याही बाबतीत वेळ तसाच कमी लागला.

खाली डावीकडे: सगळ्यात उथळ, सगळ्यात जास्त दुखलेलं

पॉकेट उथळ म्हणून ही बाजू सोपी जायला हवी होती. यंत्र तेच, टिप तीच, पॉवर तीच. फवारा सुरू झाला आणि अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. आकडा ७. "मस्तकात गेली सणक, मॅडम."

इथे दुखणं हिरडीचं नव्हतं. उघड्या पडलेल्या मुळावर एनॅमल, म्हणजे दाताचं कठीण कवच, नसतं. त्याच्या आतल्या थरात, डेंटिनमध्ये, सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. थंड पाणी, हवा किंवा टिपचं कंपन यांनी तो द्रव हलला की दाताच्या आतला मज्जातंतू ओरडतो. स्वीडनच्या ब्रानस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही उपपत्ती आजही सर्वमान्य आहे. जेलचा इथे उपयोग नाही, कारण ते भिंत बधिर करतं आणि दुखणं येतं दाताच्या आतून. तंबाखूने मऊ भाग मागे सारला होता, म्हणून उथळ पॉकेटची बाजू सगळ्यात जड गेली.

थांबलो. उघड्या मुळांवर फ्लोराइड वार्निश लावलं आणि त्या दिवशी घरी पाठवलं. पुढच्या खेपेला यंत्राच्या बाटलीत कोमट पाणी भरलं, पॉवर आणखी उतरवली, आणि अगदी उघड्या भागावर यंत्र न लावता हाताचा क्युरेट चालवला. तेव्हा आकडा ४ वर आला. कोमट पाण्याची युक्ती फार साधी आहे आणि थंडीच्या दिवसांत कोल्हापुरात तर ती सगळ्यांनाच वापरावी.

आता हा ७ कुणाच्या खात्यावर लिहायचा? 'अल्ट्रासोनिक: ७' असं लिहिलं तर वर उजवीकडचा ३ खोटा ठरतो. 'हात: ४, यंत्र: ३' असं लिहिलं तर हा ७ गडप होतो. तोंडाचे भाग वाटून पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत रुग्णांची संख्या पुरेशी असली आणि कोणत्या भागाला काय हे चिठ्ठीने ठरवलेलं असलं तर असे फरक एकमेकांत विरून जातात. एका माणसात ते विरत नाहीत. उलट तेच तर दिसतात.

खाली उजवीकडे: सुई

मुळांच्या फाट्यात शिरलेलं पॉकेट जेलवर निभणार नव्हतं. उजवीकडच्या शेवटच्या दाढेचा अनुभव ताजा होता. तेव्हा सुईविषयी नीट बोलायला बसले.

अण्णांना बाकी कशापेक्षा एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: त्या वेळी भूल का लागली नाही? कारण हे. लिग्नोकेनचा जो अंश मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरतो तो आम्लात कमी होतो. पू झालेल्या, सुजलेल्या जागी ऊतक आम्लधर्मी झालेलं असतं, त्यामुळे औषध बाहेरच अडकतं. शिवाय सुजेमुळे रक्तप्रवाह वाढलेला असतो, औषध लवकर वाहून जातं. म्हणजे औषध खोटं नव्हतं आणि अण्णाही हळवे नव्हते. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग आता सूज न्हाई न्हवं?" नव्हती. शिवाय खालच्या दाढांसाठी औषध दाताशी न टोचता जबड्याच्या मागे, मज्जातंतू हाडात शिरतो तिथे देतात. सुजलेल्या जागेपासून लांब.

टोचायच्या जागी आधी वरून जेल लावून दोन मिनिटं थांबले. २ टक्के लिग्नोकेन, त्यात १:८०,००० अॅड्रेनॅलिन. सुई आत गेल्यावर मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहिलं आणि औषध अगदी सावकाश सोडलं, मिनिटाला १ मिलीच्या बेताने. टोचण्याचं पुष्कळसं दुखणं सुईचं नसतं, घाईने सोडलेल्या औषधाच्या दाबाचं असतं. त्यांचा आकडा ३. ओठ जड झाल्यावर काम सुरू केलं. आधी यंत्राने, मग फाट्यात बारीक टिप, मग क्युरेटने उरलंसुरलं. कामाचा आकडा १. वाईटात वाईट क्षणही १. मध्ये त्यांचा डोळा लागला होता असं माझी सहायक म्हणते. मला दिसलं नाही, मी फाट्यात गुंतले होते.

रात्रीचा आकडा ५. सगळ्या भागांत रात्रीचा सर्वांत मोठा. पॅरासिटामॉल ६५० बधिरपणा उतरायच्या आधीच घ्या, असं लिहून दिलं होतं. अण्णांनी घेतली नाही, कारण 'दुखतच नव्हतं'. दुखायला लागल्यावर घेतली, तेव्हा ती चढायला तासभर गेला. ही गोळी दुखत नसतानाच घ्यायची असते हे पटवणं मला अजून नीट जमलेलं नाही. मुलाला मात्र पटलं.

लेसर आणि पावडर का नाही

मुलाने दर खेपेला लेसरची आठवण करून दिली. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत असतो तो डायोड लेसर, ८१० ते ९८० नॅनोमीटरचा. त्याची ऊर्जा रक्तात आणि रंगद्रव्य असलेल्या मऊ ऊतकांत शोषली जाते. मुळावरचं कठीण कीटण त्याने निघत नाही. ते काम एर्बियम यॅग लेसर, २९४० नॅनोमीटरचा, करू शकतो, पण तो महाग असतो. म्हणून 'लेसरने साफ केलं' असं ऐकलं तर विचारावं की लेसरच्या आधी काय केलं. बहुधा भूल देऊन यंत्र फिरवलेलं असतं आणि शेवटी लेसरचा हात. न दुखण्याचं श्रेय मग भुलेला न मिळता लेसरला मिळतं. वर उल्लेख केलेली युरोपीय सूत्रं तर खोल सफाईला जोड म्हणून लेसर वापरू नये असंच सुचवतात.

पावडरची गोष्ट वेगळी. ग्लायसिनचे कण सुमारे २५ मायक्रॉनचे, एरिथ्रिटॉलचे त्याहून बारीक, १४ च्या आसपास. पाणी-हवेबरोबर ते पॉकेटमध्ये मारले की जिवाणूंचा चिकट थर निघतो, आणि दुखत जवळजवळ नाही. पण कीटण तसंच राहतं. ज्याचं कीटण एकदा निघालंय आणि जो दर काही महिन्यांनी येतो त्याला हे उत्तम. पहिल्यांदा आलेल्या अण्णांना ते मारलं असतं तर आकडा १ आला असता आणि रोग जागच्या जागी राहिला असता.

माझं म्हणणं या एवढ्यावर येऊन ठेपतं. दुखण्याचा आकडा एकटा बघायचा नाही, त्याच्या शेजारी मुळावर काय उरलं ते लिहायचं. संशोधनातही हे दिसतं. २००३ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने व्हेक्टर नावाच्या यंत्राची तुलना केली. त्याची टिप मुळाला समांतर, वरखाली हलते. रुग्णांना ते नेहमीच्या पद्धतींपेक्षा कमी दुखलं. पुढे त्यांनीच उपटलेल्या दातांवर कीटण काढायला किती वेळ लागतो ते पाहिलं, तेव्हा त्या यंत्राला बारीक पॉलिशिंग द्रवाबरोबर नेहमीच्या अल्ट्रासोनिकपेक्षा जास्त वेळ लागला. पहिला निष्कर्ष जाहिरातीत येतो, दुसरा सहसा येत नाही.

तीन महिन्यांनी

वर डावीकडे, जिथे हाताने खरवडलं होतं आणि ४ आकडा आला होता, तिथे सगळे पॉकेट ४ मिमीच्या आत आणि रक्त नाही. खाली डावीकडेही तसंच. दातांचं आंबणं उरलं आहे, पण थंड पाणी पिता येतं. चट्टा विरळ झालाय, पुसटसा फक्त एका कडेला उरला आहे. तिथला तुकडा तरीही तपासायला पाठवला. पेशींत धोकादायक बदल नाहीत असा अहवाल आला.

वर उजवीकडे, सरासरी ३ वाल्या भागात, बाकी सगळं सुधारलं, पण शेवटच्या दाढेच्या मागे ६ मिमी आणि रक्त. हात वर झाला होता तीच जागा. खाली उजवीकडे सगळ्यात खोल असूनही फाट्याखेरीज सगळं ४ च्या आत. फाट्यात ६.

एचबीए१सी ७.६ झालं. त्यातला हिरड्यांचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही. मधुमेह्यांमध्ये हिरडीच्या उपचाराने तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास घट होते असं कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात आहे. बाकी श्रेय औषधाचं आणि मुलाने घरातला काकवीचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं त्याचं.

शेवटच्या दाढेचं काम पुन्हा करायचं म्हटल्यावर अण्णांनी स्वतःहून विचारलं, "सुई देणार न्हवं?" तिथे वर टाळूकडूनही टोचावं लागतं आणि टाळूची सुई सगळ्यांत जास्त झोंबते, हे आधीच सांगितलं. आकडा टोचताना ४, कामाचा ०, आणि या वेळी गोळी वेळेवर घेतल्यामुळे रात्री २. मुळावर प्रोब फिरवून पाहिला, खरखर कुठेही लागली नाही. त्याच बैठकीत बाकीच्या दातांवर एरिथ्रिटॉल मारलं. त्याचा आकडा त्यांनी दिला नाही, "हे काय दुखायचं हाय व्हय?" म्हणाले. मी ० लिहिला.

फाट्यातल्या ६ मिमीसाठी हिरडी उघडून काम करावं लागेल. तारीख दसऱ्याच्या आधीची धरली आहे, कारण त्यानंतर चुलवाण पेटलं की अण्णा महिनोन्‌महिने गाव सोडत नाहीत. त्या आधी एचबीए१सी पुन्हा करून घ्यायचं आहे, आणि ते ७.६ वरून वर गेलं तर तारीख पुढे ढकलायची.